जागरण आणि जुने चित्रपट

भरताच्या नाट्यशास्त्राने तेहेतीस व्यभिचारी भावांत निद्रा, सुप्त आणि विबोध या तिहींची गणना केली आहे. झोप येणे, झोपेत असणे आणि झोपेतून जागे होणे या तीनही अवस्थांना तेथे स्थान आहे. झोप न येण्याला मात्र स्वतंत्र स्थान नाही. ती भेटते कामशास्त्रातील दहा कामावस्थांत, 'निद्राच्छेद' या नावाने. आणि तेथून ती विप्रलंभ शृंगाराच्या वर्णनांत कायमची स्थिरावली. म्हणजे परंपरेच्या लेखी रात्रभर तळमळण्याचा अधिकार प्रामुख्याने विरही जनांचा. दिवसभर कचेरीत किंवा घरात खपलेली, कोणाच्याही विरहात नसलेली, आणि तरीही रात्री दोन वाजता टक्क डोळ्यांनी छताकडे पाहणारी मध्यमवयीन व्यक्ती या व्यवस्थेत बसत नाही. तिची अवस्था कोणत्याही स्थायी भावाला पोषक नाही. अशी व्यक्ती अंथरुणातून उठून, घरातील इतरांची झोप मोडू नये म्हणून आवाज अगदी लहान ठेवून, एखादा जुना, कोणाला फारसा आठवत नसलेला चित्रपट पाहू लागते, तेव्हा तिच्या त्या पाहण्याला काय म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. आस्वादाविषयीच्या रूढ कल्पना या प्रश्नापाशी काहीशा अडखळतात.

मराठी मुलखात रात्र कधीच केवळ झोपेची नव्हती. कोकणातील दशावतार रात्री उशिरा उभा राहतो आणि उजाडता उजाडता संपतो. गोंधळ, लळित, तमाशाचा वग यांचाही काळ रात्रीचाच. ज्याला अभिजात म्हणून गौरवण्याची प्रथा आहे ते संगीत नाटकही आपल्या बहराच्या दिवसांत पहाटेपर्यंत चालत असे. या सर्वांत जागणे हे सामूहिक कृत्य होते. डोळा लागलेल्याला कोपराने ढोसणारा कोणी तरी शेजारी असे, आणि ज्याला झोप आवरत नसे तोही तेथेच, समूहाच्या कुशीत लवंडत असे. मराठीत 'जागरण' हा शब्द खंडोबाच्या विधीला लागतो आणि आजाऱ्याच्या उशाशी काढलेल्या रात्रीलाही लागतो. पहिल्या अर्थात देव, वाघ्यामुरळी आणि भावकी असते. दुसऱ्या अर्थात एक मिणमिणता दिवा आणि एक माणूस. एकाच शब्दात राहणाऱ्या या दोन अर्थांमधील अंतर गेल्या शतकात वाढत गेले. चित्रपटाने रात्रीचा रंगमंच आपल्या तीन-सहा-नऊच्या खेळांत कोंबून बसवला आणि मध्यरात्रीच्या सुमारास प्रेक्षकाला घरी धाडले. २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालेले मुंबई दूरदर्शन ठराविक वेळी दिवसाची सांगता करून पडदा कोरा ठेवत असे. १९९२ नंतर उपग्रह वाहिन्यांना चोवीस तास भरून काढण्याची गरज पडू लागली, तेव्हा रात्रीचे ओसाड तास जुन्या चित्रपटांच्या वाट्याला आले. आणि आता तर यूट्यूबवर कोणी कधी काळी चढवून ठेवलेली, एखाद्या जुन्या तबकडीवरून उतरवलेली, कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह वागवणारी चित्रपटांची प्रत कोणत्याही प्रहरी उपलब्ध असते. रात्रीचा प्रयोग परत आला. समूह मात्र परतला नाही.

या एकट्या प्रेक्षकाचे वर्णन करण्यासाठी चित्रपटमीमांसेने दिलेली साधने तपासून पाहावीत. ख्रिस्तियां मेट्झ यांनी १९७७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या आपल्या विवेचनात चित्रपटावस्था आणि स्वप्नावस्था यांची तुलना केली आहे. स्वप्न पाहणाऱ्याला आपण स्वप्न पाहत आहोत हे ठाऊक नसते. चित्रपट पाहणाऱ्याला आपण चित्रपट पाहत आहोत हे ठाऊक असते. आणि तरीही चित्रपटगृहातील अंधार, स्थिर बसणे, बाह्य उद्दीपकांचा अभाव यांमुळे त्याची जागृती काहीशी सैल होते. रोलाँ बार्थ यांनी १९७५ च्या एका छोट्या निबंधात चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या देहाच्या सुस्तीचे, संमोहनातून उठल्यासारख्या अवस्थेचे वर्णन केले आहे. दोघांच्याही मांडणीत एक गृहीतक समान आहे: प्रेक्षक जागा असतो आणि चित्रपट त्याला झोपेच्या दिशेने थोडासा नेतो. निद्राहीन प्रेक्षकाच्या बाबतीत ही दिशाच लागू पडत नाही. त्याला झोपेकडेच जायचे असते, आणि नेमके तेच घडत नसते. पडदा लहान असतो, भोवतालचा अंधार अपुरा असतो. शेजारच्या खोलीतील खोकला, पंख्याची घरघर, गस्तवाल्याची काठी हे सारे ऐकू येत असते. त्याची जागृती सैल होत नाही. ती ताणलेलीच राहते. येथे संमोहनाची उपपत्ती निरुपयोगी ठरते.

अभिनवगुप्ताने अभिनवभारतीत रसप्रतीतीच्या सात विघ्नांची चर्चा केली आहे. ती यादी या प्रेक्षकासमोर धरली तर चित्र अधिकच बिकट दिसते. 'निजसुखादिविवशीभाव', म्हणजे स्वतःच्या सुखदुःखांच्या आहारी गेलेले असणे, हे एक विघ्न. झोप न येणाऱ्याच्या मनात उद्याचा हप्ता, आईचा रक्तदाब, मुलाचे अडलेले शिक्षण याखेरीज दुसरे काय असते? 'प्रतीत्युपायवैकल्य' आणि 'स्फुटत्वाभाव', म्हणजे प्रतीतीची साधने अपुरी असणे आणि प्रतीती स्पष्ट नसणे, ही आणखी दोन विघ्ने. जुन्या चित्रपटाची झिजलेली प्रत ही या दोहोंचे मूर्तिमंत उदाहरण म्हणावी लागेल. बोलपटाचा ध्वनी चित्रफितीच्या कडेलाच प्रकाशरूपाने मुद्रित केलेला असतो. त्यामुळे फितीवर पडलेला ओरखडा डोळ्यांना दिसतो आणि कानांना खरखरीच्या रूपाने ऐकूही येतो. रीळ बदलताना दोन वाक्ये गळतात, गाण्याच्या मध्येच जोड येतो, एक पात्र दारातून आत येण्यापूर्वीच खुर्चीवर बसलेले दिसते. आणि 'अप्रधानता' हे विघ्न तर या प्रेक्षकाची सवयच आहे; ज्यावर लक्ष ठरायला हवे ते सोडून त्याची नजर गौण वस्तूंवर रेंगाळते. अभिनवगुप्ताने निजसुखादिविवशीभावावर गान, सुशोभित मंडप, विदग्ध गणिका असे उपाय सुचवले आहेत. ते सारे सभेचे, समूहाचे उपाय आहेत. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या माणसापाशी यांपैकी काहीच नसते.

शास्त्राप्रमाणे पाहिले तर येथे रसनिष्पत्ती अशक्य आहे; आणि बहुधा ती होतही नाही. प्रश्न असा की, मग तो का पाहतो? वेळ जावा म्हणून, हे उत्तर अपुरे आहे. वेळ घालवण्यासाठी अधिक चांगली, अधिक स्पष्ट, अधिक वेगवान साधने त्याच्या हाताशी असतात. स्मरणरंजन हेही उत्तर नव्हे. १९३५ किंवा १९४१ मधील चित्रपटाशी त्याच्या स्वतःच्या स्मृतींचा काहीही संबंध नसतो; तो चित्रपट त्याच्या जन्मापूर्वीचा, कधी त्याच्या आईवडिलांच्याही जन्मापूर्वीचा असतो. वाईट चित्रपटांची मजा लुटणे हा आणखी एक संभाव्य खुलासा. दिवसा, मित्रमंडळींत, अशा चित्रपटांना हसले जाते हे खरे. परंतु उपहासाला सोबती लागतो. रात्री अडीच वाजता एकटा माणूस पुठ्ठ्याच्या राजवाड्याला हसत नाही. त्याला पुठ्ठा दिसतो, आणि तो पुठ्ठा कोणी तरी रंगवला असेल हेही दिसते.

या शेवटच्या गोष्टीपाशी थांबले पाहिजे, कारण निद्राहीन पाहण्याचे वैशिष्ट्य तेथे आहे. 'संत तुकाराम' (१९३६) हा प्रभातचा चित्रपट सर्वमान्य आहे. विष्णुपंत पागनीसांच्या मुद्रेवर आणि दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. दिवसाच्या आस्वादात तुकाराम मध्यभागी असतो. रात्री, घरखर्चाचा हिशेब डोक्यात घोळत असताना, मध्यभागी जिजाई येते. गौरीने उभी केलेली ती स्त्री, जिला म्हशीची, पोरांची, घरातल्या दाण्यांची चिंता आहे, जी आजारी मुलापायी खवळून हातात वहाण घेऊन देवालाच जाब विचारायला निघते, तीच एकटी या प्रेक्षकाच्या वेळापत्रकाची असते. चित्रपट तोच, परंतु जागरणाने त्याचे केंद्र हलवलेले असते. व्ही. शांताराम यांच्या 'कुंकू'त (१९३७) पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य करून नैसर्गिक ध्वनींवर भर दिला आहे, ही बाब चित्रपटाच्या इतिहासात प्रयोग म्हणून नोंदली जाते. मध्यरात्री तिचे प्रयोगपण संपते. चित्रपटातील घराचे आवाज आणि प्रत्यक्ष घराचे आवाज यांच्यामध्ये सुरावटीचा पडदा नसतो. जरठ काकासाहेबांच्या घरातील शांतता पाहणाऱ्याच्या घरातील शांततेला जाऊन मिळते. नारायण हरी आपटे यांच्या कादंबरीतून आलेली ही जरठ-कुमारी विवाहाची कथा सामाजिक समस्या म्हणून दिवसा जाणवते. रात्री ती एका घरात दोन माणसे जागी असण्याची कथा होते.

या दोन्ही प्रतिष्ठित कृती आहेत. खरा कस लागतो तो अप्रतिष्ठित कृतींपाशी. 'संत तुकाराम'च्या आदल्याच वर्षी, १९३५ मध्ये, प्रभातने 'धर्मात्मा' काढला. दिग्दर्शक शांताराम, विषय एकनाथ, आणि एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व. 'महात्मा' हे मूळ नाव परिनिरीक्षण मंडळाच्या आक्षेपामुळे बदलावे लागले. चित्रपट अपेक्षेप्रमाणे चालला नाही, आणि रंगभूमीचा नट कॅमेऱ्यापुढे रुळू शकला नाही हा निर्णय पुढे जवळपास कायम झाला. पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेले नट. एका वर्षाच्या अंतराने, त्याच संस्थेत, दुसऱ्या संताच्या भूमिकेत ते अमर झाले आणि बालगंधर्वांचा चित्रपट तळटिपेत गेला. समीक्षेच्या दृष्टीने हा विषय येथे मिटतो. जागणाऱ्या प्रेक्षकासाठी तो येथे सुरू होतो. १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आलेला हा नट तीस वर्षे शेले-शालू सावरत आला. आता सत्तेचाळिसाव्या वर्षी तो पुरुषवेषात उभा आहे. त्या देहाला स्वतःचे खांदे कोठे ठेवावेत हे कळते का? हातांना मोकळे कसे राहावे हे कोण शिकवणार? कथेशी या प्रश्नांचा संबंध नाही; कदाचित कथेच्या यशाला ते घातकही आहेत. परंतु झोप न येणारा माणूसही त्या क्षणी आपल्या देहाचे काय करावे हे न कळलेला असतो. रात्रीच्या त्या तासात एक अवघडलेपण दुसऱ्या अवघडलेपणाला ओळखते. याला तादात्म्य म्हणता येणार नाही, कारण प्रेक्षक एकनाथांशी एकरूप होत नाही आणि बालगंधर्वांशीही होत नाही. याला मराठीत एक साधा शब्द आहे: सोबत.

सोबत ही संकल्पना सौंदर्यशास्त्राने फारशी हाताळलेली नाही. रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'ने (१९७४) लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी भूमिकांमधील ताण विस्ताराने उलगडून दाखवला. सोबत या दोहोंपैकी कोठे ठेवायची? ती लौकिक आहे, कारण तिला पाहणाऱ्याच्या चिंता, त्याचा देह, त्याची वेळ हे सारे लागते. आणि तरीही ती लौकिक गरज भागवत नाही. पडद्यावरील माणूस कर्ज फेडत नाही, औषध आणून देत नाही, बोललेले ऐकतही नाही. तन्मयीभवनात प्रेक्षकाचे स्वत्व काही काळ विरते असे मानले जाते. सोबतीत ते विरत नाही. ते शेजारी बसलेले असते. आजाऱ्याच्या उशाशी बसणाऱ्याने आजाऱ्याशी तादात्म्य पावावे अशी कोणाचीच अपेक्षा नसते. त्याने तेथे असावे आणि डोळे उघडे ठेवावेत एवढेच पुरते. जुना चित्रपट आणि निद्राहीन प्रेक्षक यांच्यात कोण कोणाच्या उशाशी बसलेला असतो, हे मात्र निश्चित सांगता येत नाही.

कारण चित्रपटही आजारी असतो. १९५० च्या सुमारापर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फीत अत्यंत ज्वालाग्राही. नंतर आलेली ॲसिटेटची फीत सुरक्षित खरी, पण दमट हवेत तिचे विघटन होऊन डब्यातून व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागतो. भारतात सुमारे तेराशे मूकपट निर्माण झाले; त्यांपैकी आज तिसाच्या आसपास उरले आहेत, आणि तेही बरेचसे तुटक. बाबुराव पेंटरांचा 'सावकारी पाश' (१९२५) उरलेला नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागलेल्या 'आलम आरा'ची प्रत उपलब्ध नाही. कित्येक फिती चांदी काढून घेण्यासाठी विकल्या गेल्या. पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी डबे शोधत देशभर पायपीट केली म्हणून जे आहे ते आहे. परंतु त्याच पुण्यात जानेवारी २००३ च्या आगीत नायट्रेटचा मोठा साठा जळाला, त्यात प्रभातच्या मूळ फितीही होत्या. फाळक्यांच्या 'कालिया मर्दन'चा (१९१९) बराच भाग वाचला. त्याच्या प्रारंभी कृष्णाची भूमिका करणारी फाळक्यांची मुलगी मंदाकिनी वेष न घेता, कॅमेऱ्यासमोर एकामागून एक मुद्राभाव करून दाखवते. ती हसते, रागावते, रुसते. सात वर्षांच्या मुलीचे ते भाव कथेचा भाग नाहीत. ते प्रास्ताविक आहे, जवळजवळ एक चाचणी. चित्रपटाचा इतिहास त्यांतून अभिनयाविषयीच्या तत्कालीन कल्पना काढतो. रात्री पाहणाऱ्याला प्रथम दिसते ते असे की, शंभर वर्षांपूर्वी नाशिककडच्या एका लहान मुलीला वडिलांनी सांगितलेले नीट करून दाखवायचे होते. जे उरले ते श्रेष्ठ म्हणून उरले असे नाही. जे गेले ते निकृष्ट म्हणून गेले असेही नाही. श्रेणीव्यवस्थेवर उभ्या असलेल्या समीक्षेला ही वस्तुस्थिती अडचणीची वाटायला हवी.

रूपनिष्ठ समीक्षेलाही हा प्रेक्षक अडचणीचाच आहे. मर्ढेकरांच्या लयतत्त्वानुसार संवाद, विरोध आणि समतोल यांची जाणीव होण्यासाठी कृती संपूर्णपणे समोर असावी लागते. निद्राहीन प्रेक्षक चित्रपटात मध्येच शिरतो आणि बहुतेक वेळा शेवटापूर्वी बाहेर पडतो. ज्या झोपेसाठी तो तिष्ठत असतो ती नेमकी अखेरच्या रिळापाशी येते. पुढचा चित्रपट रिकाम्या खोलीत चालू राहतो. दुसऱ्या दिवशी तो शेवट शोधून पाहत नाही. दिवसाउजेडी त्या चित्रपटाकडे वळण्याचे कारणच त्याला सापडत नाही. अशा रीतीने त्याच्यापाशी शेवट नसलेल्या कथांचा एक साठा जमतो. एकात कोर्टाचा निकाल लागायचा असतो, एकात बुडालेल्या नावेतून कोण वाचले ते कळायचे असते. हा साठा विस्कळीत असतो, परंतु निद्राहीन रात्रींची रचनाही तशीच असते. त्यांना प्रारंभ सांगता येत नाही आणि शेवट आठवत नाही.

या प्रेक्षकाचा उल्लेख आतापर्यंत पुल्लिंगात झाला, तो व्याकरणाच्या सोयीने. प्रत्यक्षात पुष्कळ घरांत मध्यरात्रीनंतर जागी असणारी व्यक्ती ही स्त्री असते. आवराआवर संपल्यानंतरचा, सकाळच्या डब्यांची तयारी सुरू होण्यापूर्वीचा तेवढाच काळ तिचा स्वतःचा असतो, आणि तो मिळवण्यासाठी तिला झोपेतून किंमत द्यावी लागते. मधुकर पाठक यांचा 'प्रपंच' (१९६१) अशा वेळी कसा दिसत असेल याचा विचार करून पाहावा. ग. दि. माडगूळकरांच्या कथेवरचा हा चित्रपट. शाहीर अमर शेख त्यात कुंभार झाले आहेत आणि सुलोचना त्याची पत्नी. लेकरांचे लेंढार आणि दारिद्र्य हा विषय, म्हणून कुटुंबनियोजनाच्या प्रचाराचा शिक्का त्याच्यावर बसला. त्यातील कुंभाराचे गाणे सुधीर फडक्यांच्या आवाजात घरोघर गेले आणि आजही ऐकले जाते. ज्या चित्रपटातून ते आले तो मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे. ते गाणे तत्त्वचिंतनपर म्हणून ऐकण्याची सवय झालेली आहे. कुंभार म्हणजे परमेश्वर हे सर्वांना पाठ झाले आहे. चित्रपटात मात्र ते एका खऱ्या कुंभाराच्या, न भागणाऱ्या संसाराच्या शेजारी उभे असते. रूपकातील मडकी विकली गेली नाहीत तर चालते. या घरातील मडकी विकली जावी लागतात. दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकाची जुळणी मनात करीत पाहणाऱ्या स्त्रीला हे कोणी समजावून द्यावे लागत नाही. गाणे वाचले आणि संसार विसरला गेला, ही केवळ एका चित्रपटाची कथा नाही. अभिरुची कशी निवड करते, याचा तो नमुना आहे.

येथे निद्रानाशाचे उदात्तीकरण करण्याचा मोह टाळला पाहिजे. झोप न येणे ही पीडा आहे. तिने माणसाची स्मृती, संयम आणि प्रकृती झिजते, आणि कोणताही चित्रपट त्यावर औषध नाही. रात्रीच्या पाहण्याने दिवसाच्या समीक्षेची जागा घ्यावी असाही दावा नाही. संगती लावणे, तुलना करणे, मूल्य ठरवणे ही कामे ताज्या डोळ्यांनीच व्हायला हवीत. परंतु मराठी चित्रपटाविषयीचे आपल्याकडील लेखन तीन-चार डझन कृतींभोवती फिरत राहते, आणि त्यापलीकडील शेकडो चित्रपट 'उल्लेखनीय नाहीत' या एका वाक्यात मिटवले जातात. ते कधी कोणी पाहिले होते का, हा प्रश्न त्या वाक्याला विचारला जात नाही. ते पाहिले जात आहेत. एखाद्या शहरातील तिसऱ्या मजल्यावर, आवाज लहान ठेवून, कोणतीही टिपणे न काढता. ज्या रात्री एखादा साधारण चित्रपट असा पाहिला जातो, त्या रात्री बहुधा जगात त्याचा दुसरा प्रेक्षक नसतो. विद्यापीठांतील चित्रपट-अभ्यासाने आपली सूची वाढवायची ठरवली, तर तिची पहिली नावे संग्रहालयाच्या तालिकेइतकीच या अबोल प्रेक्षकांकडूनही मिळू शकतील. अट एवढीच की, 'तो चित्रपट चांगला होता का' हे त्यांना आधी विचारू नये. त्यात काय दिसले, ते विचारावे.